राजदूताचे दोन कागद

परक्या देशातील आपल्या राजदूताच्या कचेरीला मराठीत आजही 'वकिलात' म्हणतात. न्यायालयात काळा कोट घालून उभा राहणारा वकील हा त्या शब्दाचा नंतरचा अर्थ होय. अठराव्या शतकात वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला आपला माणूस. पेशव्यांचे असे वकील दिल्लीला होते, भागानगरला होते, आणि तेथून ते पुण्याला सतत पत्रे धाडीत. हिंगणे घराण्यातील वकिलांनी दिल्लीहून लिहिलेली पत्रे किंवा निजामाच्या दरबारातून गोविंदराव काळे यांनी नाना फडणिसांना लिहिलेली पत्रे इतिहाससंशोधकांनी परिश्रमपूर्वक प्रसिद्ध केली. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र बखरीकडे जितके लक्ष दिले, तितके या पत्रांकडे दिले नाही. वस्तुतः मराठी गद्य रोजच्या कामातून कसे घडत गेले, हे पाहायचे असेल तर बखरीपेक्षा ही पत्रेच अधिक बोलकी आहेत.

या पत्रांत कोण कोणाला भेटले, कोणाचे मन कोठे फिरले, बाजारात कोणती आवई उठली, याचा वृत्तांत असतो. त्याच कागदावर खर्चाची ओढ असते, थकलेल्या रकमेची आठवण असते, परमुलखात दिवस काढणाऱ्या माणसाचा कंटाळा आणि धास्तीही असते. 1793 च्या सुमारास महादजी शिंदे यांच्या उत्तरेतील यशाने भारावून गोविंदराव काळे यांनी नानांना जे पत्र लिहिले, ते तर प्रसिद्धच आहे. त्यात वकिलाने कामकाज बाजूला ठेवले आहे आणि मनात उसळले ते लिहिले आहे. इतकेच नव्हे, तर आपल्या लोकांनी आभाळाएवढे काही केले तरी ते लिहून ठेवायची त्यांना चाल नाही, अशी तक्रारही केली आहे. राजकारणाचा कागद लिहिणारा माणूस लिहिण्याविषयीच बोलू लागतो, अशी ही जागा आहे. त्या वेळी सरकारी कागद आणि मनाचा कागद वेगळे झालेले नव्हते.

आधुनिक परराष्ट्र सेवेने या एका कागदाचे दोन केले. पहिला कागद म्हणजे आपल्या सरकारला पाठवायचा खलिता. त्यात लिहिणाऱ्याला शक्यतो 'मी' नसतो. 'असे समजते', 'असे दिसते', 'नाकारता येत नाही' अशा क्रियापदांच्या आडोशाने तो बोलतो. हा कागद कुलुपात जातो आणि बहुधा लिहिणारा हयात नसताना उघडतो. दुसरा कागद म्हणजे रात्री लिहिलेली रोजनिशी, मित्राला धाडलेले पत्र, कविता, किंवा निवृत्तीनंतरचे आत्मचरित्र. पहिल्या कागदाने जे गाळले त्याचे दुसरा कागद काय करतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

पहिला कागद नेहमीच नीरस असतो असे मात्र नाही. 2010 मध्ये अमेरिकेच्या वकिलातींचे सुमारे अडीच लाख गोपनीय खलिते बाहेर फुटले. त्यांत 2006 मध्ये मॉस्कोहून गेलेला, दागेस्तानमधील एका लग्नसोहळ्याचे वर्णन करणारा खलिता होता. कथालेखकाने हेवा करावा असे ते गद्य आहे. पण तो अपवाद. आणि असे लिहून ठेवणाऱ्याला, ते जगापुढे येईल याची कल्पना नव्हती, हेही त्या गद्याच्या मोकळेपणाचे एक कारण असावे.

आपल्याकडे राजदूतांच्या आठवणींना तोटा नाही. त्यांतील बऱ्याच पुस्तकांत मात्र दुसरा कागद ही पहिल्याचीच स्वच्छ प्रत असते. मोठी नावे, मेजवान्या, शिष्टमंडळे, आणि प्रत्येक महत्त्वाच्या क्षणी योग्य सल्ला देणारे स्वतः लेखक! अशा पुस्तकांतून इतिहासाला थोडेफार मिळत असेल. वाचकाच्या हाती मात्र एक हस्तांदोलनच तेवढे येते.

सरदार का. मा. पणिक्कर यांचे 'इन टू चायनाज' (1955) आणि के. पी. एस. मेनन यांची पुस्तके या ढिगातून वेगळी काढावी लागतात. पणिक्कर मल्याळम्‌मधील कवी आणि कादंबरीकार. इतिहासकार म्हणून तर ते सर्वपरिचित आहेत. 1950 च्या ऑक्टोबरमध्ये, 2 आणि 3 तारखांच्या मधल्या रात्री, पेकिंगमध्ये त्यांना झोपेतून उठवून चौ एन-लाय यांच्याकडे नेण्यात आले आणि सांगण्यात आले की अमेरिकन फौजांनी कोरियातील अडतिसावी अक्षरेषा ओलांडली तर चीन युद्धात उतरेल. पणिक्करांनी तो निरोप पोचवला. पाश्चात्त्य राजधान्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही, कारण निरोप्याच ओढा चीनकडे आहे असा त्यांचा समज होता. त्याच महिन्यात चिनी सैन्य यालू नदी उतरून कोरियात शिरले. वकिलाच्या पेशातील याहून मूलभूत प्रसंग सापडणे कठीण. शब्द दुसऱ्याचा, तो खरा, आणि आणणाऱ्याच्या तोंडी आला म्हणून खोटा ठरलेला. पणिक्कर हा प्रसंग ठसठशीतपणे सांगतात. पण त्यांच्यातील इतिहासकाराचा आत्मविश्वास एवढा दांडगा आहे की त्या रात्रीचे चटकन इतिहासाचे पान होऊन जाते. ज्याचे खरे मानले गेले नाही त्या माणसाच्या मनात काय झाले असेल, तेथे त्यांच्यातील कवीला शिरकाव मिळत नाही.

मेनन यांचा पिंड निराळा होता. 1944 मध्ये ते दिल्लीहून चुंगकिंगला निघाले ते काश्मीर, गिलगिट, हुंझा, काशगर, उरुमची अशा वाटेने. प्रवासाला सुमारे चार महिने लागले. त्या रोजनिशीचे 'दिल्ली-चुंगकिंग' हे पुस्तक 1947 मध्ये आले. पुढे 1952 पासून 1961 पर्यंत ते मॉस्कोत राजदूत होते. त्या काळातील रोजनिशीचे उतारे 'द फ्लाइंग ट्रॉयका' (1963) या नावाने प्रसिद्ध झाले. 17 फेब्रुवारी 1953 रोजी मेनन क्रेमलिनमध्ये स्तालिनला भेटले. बोलता बोलता स्तालिन समोरच्या कागदावर लांडग्यांची चित्रे काढीत होता, हे मेनन यांनी टिपले आहे. लांडग्यांचे काय करायचे ते शेतकऱ्याला ठाऊक असते, अशा अर्थाचे काही स्तालिन बोललाही. त्यानंतर सोळा दिवसांनी तो मरण पावला. भेटीचा जो अधिकृत वृत्तांत दिल्लीला जायचा, त्यात मुद्दे असणार; लांडगे टिकून राहिले ते रोजनिशीमुळे. रोजनिशीचा हा गुण आत्मचरित्रात येत नाही. ती लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे माहीत नसते, म्हणून महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे यांची निवड त्याला करता येत नाही आणि बिनमहत्त्वाचे तरून जाते.

मेनन यांच्या गद्यात निसर्गाचे प्रेम आहे, वाचनाचे संस्कार आहेत, मिस्कीलपणा आहे. राजदूताच्या दालनाबाहेरची कचेरी, म्हणजे टंकलेखक, दुभाषे, प्रवेशपरवान्यासाठी ताटकळणारी माणसे, हे जग मात्र त्यात धूसरच राहते. आणखीही एक मर्यादा आहे, ती अधिक गंभीर. 1948 मध्ये मेनन कोरियाविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या आयोगाचे अध्यक्ष होते. केवळ दक्षिणेत निवडणुका घेतल्या तर देशाच्या फाळणीवर शिक्कामोर्तब होईल, हा धोका स्पष्ट दिसत होता. त्या वेळी मो युन-सुक या कोरियन कवयित्रीशी त्यांचा स्नेह जडला होता आणि दक्षिणेच्या बाजूने तिने त्यांच्याजवळ रदबदली केली. 'मेनी वर्ल्ड्‌स' (1965) या आत्मचरित्रात मेनन मान्य करतात की आपल्या साऱ्या कारकिर्दीत हृदयाने बुद्धीवर मात केली ती याच एका प्रश्नावर. ही कबुली प्रामाणिक आहे. निर्णय त्यांच्या एकट्याचा नव्हता, हेही खरेच. पण ती ज्या सुरात येते तो सूर दिवाणखान्यातील रसिक गप्पांचा आहे. एका देशाची दोन शकले होण्याशी जिचा संबंध आहे अशी गोष्ट सांगताना लेखकाच्या ओठांवर हसू आहे. पहिल्या कागदाने जे लपवले ते दुसऱ्याने सांगितले खरे, पण सांगताना ते सुंदर करून घेतले.

सांगणे आणि सुंदर करून घेणे यांतील हा पेच एका फार मोठ्या कवीच्या बाबतीत अधिक उग्रपणे उभा राहतो. पाब्लो नेरुदा 1927 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, चिली देशाचा वाणिज्यदूत म्हणून रंगूनला आला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. नेमणूक झाली त्या दिवशी मित्रांना सांगायला गेला तर गावाचे नाव त्याला आठवेना, असे त्यानेच आठवणींत लिहिले आहे. काम काय, तर तीन महिन्यांतून एकदा कलकत्त्याहून मेण आणि चहाच्या पेट्या घेऊन चिलीला जाणारे जहाज यायचे. तेव्हा घाईघाईने कागदांवर शिक्के मारायचे, सह्या करायच्या, आणि मग पुढचे तीन महिने रिकामे. पगार जेमतेम, तोही शिक्क्यांच्या आकारणीवर अवलंबून. 1929 मध्ये त्याची बदली कोलंबोला झाली, पुढच्या वर्षी बटाव्हियाला. 'रेसिदेन्सिया एन ला तिएर्रा' हा त्याचा संग्रह 1933 मध्ये आला. त्यातील बऱ्याच कविता या काळातील आहेत.

या संग्रहाची समीक्षा सहसा अतिवास्तववादाच्या अंगाने होते. मला त्यात कचेरी दिसते. वस्तूंच्या याद्या, धूळ, दमट हवेत सडणाऱ्या गोष्टी, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशा पदार्थांची लागलेली रांग, हे सारे मालाच्या बिजकांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला सुचणारे जग आहे. तीन महिने काही न करता बसण्याची नोकरी माणसाला एक तर संपवते किंवा त्याला काळाकडे पाहायला लावते. नेरुदाकडून तिने पाहणे करून घेतले. येथे दुसरा कागद पहिल्याच्या नीरसपणातूनच उगवला आहे.

'कॉन्फिएसो के हे बिबिदो' हे आत्मचरित्र नेरुदाच्या मृत्यूनंतर, 1974 मध्ये आले. त्यात कोलंबोतील वेल्लवत्त येथील बंगल्याचे वर्णन आहे. रोज पहाटे घरामागच्या पायखान्याची बादली डोक्यावरून वाहून नेणारी एक तमिळ स्त्री यायची. कवीने तिला पाहिले, देवीची उपमा दिली, तिच्या वाटेवर रेशीम आणि फळे ठेवून पाहिली. तिने ढुंकूनही पाहिले नाही. एके दिवशी त्याने तिचे मनगट घट्ट धरले आणि तिला आत नेले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. ती पुतळ्यासारखी, उघड्या डोळ्यांनी पडून राहिली, असे तो लिहितो. तिने माझा तिरस्कार केला ते योग्यच होते, असेही लिहितो. आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

हा मजकूर कित्येक वर्षे जगभर वाचला गेला आणि फारसे कोणी थांबले नाही. 2018 मध्ये सान्तियागोच्या विमानतळाला नेरुदाचे नाव देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा चिलीतील स्त्री संघटनांनी याच पानावर बोट ठेवून विरोध केला. श्रीलंकेचे दिग्दर्शक अशोक हंदगम यांनी 2021 मध्ये या प्रसंगावर 'अल्बोराडा' हा चित्रपट केला. मराठी वाचकाला मात्र हे पान वाचायला 2018 ची वाट पाहायची गरज नव्हती. दया पवारांचे 'बलुतं' 1978 मध्ये आले. त्यानंतरच्या आत्मकथनांनी आपल्याला एक गोष्ट तरी निश्चित शिकवली आहे, की बादली वाहणाऱ्या हातांच्या बाजूने ते घर, तो बंगला, तो साहेब कसा दिसत असेल हे आधी विचारायचे. तसे विचारले की नेरुदाच्या त्या परिच्छेदातील सर्वांत त्रासदायक गोष्ट ध्यानात येते. कबुली खरी आहे, पण तिचे गद्य अजून त्या स्त्रीला पुतळाच समजते. तिरस्काराचा हक्क तो तिला देतो, नाव देत नाही. रंगूनमध्ये त्याच्यावर जीव टाकणारी ब्रह्मी स्त्रीही त्याच्या लेखनात 'जोसी ब्लिस' या इंग्रजी नावानेच राहिली. वाणिज्यदूताच्या दोन्ही कागदांवर या स्त्रियांची सही कोठेही नाही.

म्हणून 'रेसिदेन्सिया' टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. उलट ती कविता आणि ते पान शेजारी ठेवून वाचले पाहिजे. परक्या किनाऱ्यावरील एकटेपणाचे जे प्रचंड गाणे तेथे झाले, त्याला किनाऱ्यावरची माणसे ऐकूच आली नव्हती, हे कळल्यावर त्या एकटेपणाचा अर्थ बदलतो. आणि याच नेरुदाने पुढे वाणिज्यदूताच्या कामाचे सोने केले, तेही विसरता येत नाही. 1939 मध्ये स्पॅनिश निर्वासितांसाठी खास नेमलेला वाणिज्यदूत म्हणून पॅरिसमध्ये बसून त्याने माणसांच्या याद्या केल्या, परवाने दिले, आणि 'विनिपेग' या जहाजातून दोन हजारांहून अधिक स्त्री-पुरुष-मुले 4 ऑगस्टला फ्रान्सचा किनारा सोडून 3 सप्टेंबरला वालपाराइसोला पोचली. शिक्का तोच, यादीही तशीच. फक्त आता तिच्यात चहाच्या पेट्यांच्या जागी नावे होती.

ऑक्टाव्हिओ पाझ यांची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. मेक्सिकोचे हे कवी 1951 च्या नोव्हेंबरमध्ये जहाजाने मुंबईला उतरले ते दिल्लीतील नव्या वकिलातीत कनिष्ठ अधिकारी म्हणून. त्या मुक्कामात चित्रकार सतीश गुजराल यांची मेक्सिकोच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झाली, तिच्यात पाझ यांचा वाटा होता. गुजराल रिव्हेरा आणि सिकेरोस यांच्या देशात गेले आणि त्यांच्या चित्रकलेला वेगळे वळण लागले. वकिलातीच्या रोजच्या कामातून असेही काही घडते, पण खलित्यांत त्याला एका ओळीपलीकडे जागा नसते. 1962 मध्ये पाझ राजदूत म्हणून परत आले. दुसऱ्याच वर्षी जगदीश स्वामीनाथन आदी चित्रकारांच्या 'ग्रुप 1890' चे प्रदर्शन दिल्लीच्या रवींद्र भवनात भरले. त्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले आणि सूचिपत्राची प्रस्तावना पाझ यांनी लिहिली. 'लादेरा एस्ते' (1969) मधील कविता, 'एल मोनो ग्रामातिको' (1974) हे गलत्याच्या वाटेवरील गद्यकाव्य, आणि अखेरीस 'व्हिस्लुम्ब्रेस दे ला इंडिया' (1995) हे चिंतन, ही सारी त्या सहा वर्षांची कमाई.

या शेवटच्या पुस्तकाविषयी माझ्या मनात थोडी कुरकुर आहे. जाती, धर्म, इतिहास यांवरील त्यातील प्रकरणे अभ्यासपूर्ण आहेत, पण ती कोणा चौकस राजदूताने आपल्या मंत्रालयासाठी केलेल्या टिपणांसारखी वाटतात. पुस्तक जिवंत होते ते मुंबईतल्या पहिल्या दिवसात, भूक लागल्याच्या, वाट चुकल्याच्या, डोळे दिपल्याच्या पानांत. तेथे पाझ समजावून सांगत नाहीत.

परंतु पाझ यांच्या बाबतीत दोन कागदांचा प्रश्न पुस्तकात सुटत नाही. तो सुटतो 1968 च्या ऑक्टोबरमध्ये. त्या वर्षी मेक्सिकोत विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले होते. सप्टेंबरमध्ये राजदूत पाझ यांनी आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना या आंदोलनाविषयी एक दीर्घ अहवाल धाडला. सबुरीने घ्यावे, मागण्यांमागचे कारण समजून घ्यावे, असा त्याचा कल होता. पहिल्या कागदाच्या भाषेत जेवढे बोलता येईल तेवढे त्यात बोललेले आहे. 2 ऑक्टोबरला, ऑलिंपिक सामने दहा दिवसांवर आले असताना, त्लातेलोल्कोच्या चौकात सैन्याने गोळीबार केला. मृतांचा आकडा अजून वादातच आहे. 4 ऑक्टोबरला पाझ यांनी आपल्या मंत्र्यांना पत्र लिहिले. त्या पत्राविषयी पुढे जो वाद झाला तो भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा. पाझ यांनी मागितले होते ते सेवेतील एका नियमानुसार पदमुक्त होणे; त्या नियमात माणूस पदावर राहत नाही, पण सेवेतून गेला असेही होत नाही. सरकार म्हणाले, हा राजीनामाच नव्हे. पाझ आणि त्यांचे वाचक त्याला राजीनामाच म्हणत राहिले. कृतीला नाव कोणते द्यायचे, यावरचे भांडण हे वकिलातीच्या भाषेतीलच भांडण आहे.

त्याच दिवसांत त्यांनी एक कविता लिहिली. ऑलिंपिकच्या सांस्कृतिक समितीने पूर्वी मागितलेली, पण त्यांनी आधी नाकारलेली कविता ती हीच! चौकातील रक्त धुणारे पालिकेचे कामगार तिच्यात आहेत. ते पत्र आणि ही कविता यांत काही दिवसांचेच अंतर आहे. दोन्हींचा लेखक एक, विषय एक. राजदूताचे दोन कागद इतके जवळ आलेले मला दुसरीकडे कोठे आढळले नाहीत. त्यासाठी एक कागद कायमचा बंद करावा लागला, ही त्याची किंमत. सेंट-जॉन पर्स या फ्रेंच कवीने नेमके उलटे केले होते. 1924 मध्ये 'आनाबाज' प्रसिद्ध झाल्यावर परराष्ट्र खात्यात वरच्या पदावर असेपर्यंत त्याने कवितेचा कागदच मिटून ठेवला. तो उघडला 1940 मध्ये पद गेल्यावर, परदेशात.

भारत सोडण्यापूर्वीचा रविवार पाझ यांनी घारापुरीच्या लेण्यांत काढला आणि मग मुंबईहून जहाज धरले.

मराठीत काय? औंध संस्थानचे आप्पासाहेब पंत 1948 मध्ये नैरोबीला भारताचे आयुक्त म्हणून गेले. तेथील आफ्रिकी नेत्यांशी त्यांनी इतका मोकळा स्नेह जोडला की ब्रिटिश वसाहत सरकारला ते नकोसे झाले. पुढे ते गंगटोकला होते. 'अ मोमेंट इन टाइम' (1974), 'अनडिप्लोमॅटिक इन्सिडेंट्स' (1987) ही त्यांची पुस्तके इंग्रजीत आहेत. नुसत्या नावावरूनही दुसऱ्या पुस्तकाचा स्वभाव कळतो. ते मराठीत लिहिले गेले असते तर गोविंदराव काळ्यांच्या पत्राशी आपले तुटलेले नाते कदाचित पुन्हा जुळले असते. ज्ञानेश्वर मुळे यांचे 'माती, पंख आणि आकाश' त्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. कोल्हापूर जिल्ह्यातील खेड्यातून परराष्ट्र सेवेत गेलेला माणूस तेथे मराठीत आपला प्रवास सांगतो, आणि वकिलातीकडे पाहणारी दृष्टी प्रथमच दरबारी घराण्यातली नाही. तरीही ते एका माणसाच्या वाढीचे पुस्तक आहे. वकिलात हाच ज्याचा विषय आहे, असे पुस्तक अजून यायचे आहे.

तसे पुस्तक कसे असू शकते हे पाहायचे तर इव्हो आंद्रिच याच्या 'त्राव्निच्का ख्रोनिका' (1945) या कादंबरीकडे जावे लागते. आंद्रिच 1920 पासून युगोस्लाव्ह परराष्ट्र सेवेत होता. पॅरिसमध्ये नेमणूक असताना त्याने फ्रेंच परराष्ट्र खात्याच्या दप्तरखान्यात बसून पिएर दाव्हिद या माणसाचे खलिते वाचून काढले. हा दाव्हिद नेपोलियनच्या काळी बोस्नियातील त्राव्निक या आडवाटेच्या गावी फ्रान्सचा वाणिज्यदूत होता. त्राव्निक हे आंद्रिचचे जन्मगाव. म्हणजे आपल्या गावाविषयी एका परक्याने आपल्या सरकारला काय लिहिले, ते शंभरहून अधिक वर्षांनी त्या गावातील मुलगा, स्वतः वाणिज्यदूत होऊन, वाचत होता. पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार वाचताना आपल्याला जे होते, तेच. फक्त येथे वाचणाराच पुढे कादंबरीकार झाला.

कादंबरीत दाव्हिदचा दाव्हिल होतो. समोरच्या टेकडीवर ऑस्ट्रियाचा वाणिज्यदूत फॉन मिटरर. दोघे एकमेकांचे शत्रू. पण गावात युरोपीय म्हणावेत असे तेच, म्हणून एकमेकांवाचून त्यांचे चालत नाही. पावसाळी संध्याकाळी दोघे आपापल्या खिडकीतील दिवा पाहतात आणि दुसरा आपल्याविरुद्ध काय लिहीत असेल याचा विचार करीत खलिता लिहायला बसतात. वजीर बदलतात, नजराणे द्यावे लागतात, दुभाषा मधल्या मध्ये डाव खेळतो, पॅरिसहून उत्तर येत नाही. दाव्हिल अलेक्झांडरवर एक महाकाव्य लिहितो आहे. ते वर्षानुवर्षे संपत नाही. त्याचा तरुण सहायक द फोसे गावात हिंडतो, भाषा शिकतो, लोकांशी बोलतो. दाव्हिलला ते थोडे आगाऊपणाचे वाटते. खलिता आणि महाकाव्य हे दाव्हिलचे दोन कागद. दोन्हींत त्राव्निक नाही, हे आंद्रिच कोठेही न सांगता दाखवतो.

ही कादंबरी लिहिणारा माणूस 1939 पासून 1941 पर्यंत बर्लिनमध्ये युगोस्लाव्हियाचा राजदूत होता. 25 मार्च 1941 रोजी व्हिएन्नात त्याच्या सरकारने हिटलरच्या त्रिराष्ट्र करारावर सही केली तेव्हा तो उपस्थित होता. बारा दिवसांनी बेलग्रेडवर बाँब पडले. आंद्रिच परतला, जर्मनव्याप्त बेलग्रेडमध्ये एका खोलीत राहिला, त्या काळात काही प्रसिद्ध करायचे त्याने नाकारले आणि तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्या दिवशी व्हिएन्नात त्याला काय वाटले, याचे आत्मचरित्र त्याने लिहिले नाही. मेनन यांच्यासारखी हसरी कबुली नाही, नेरुदासारखी शोभिवंतही नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक भित्रा, सभ्य, मध्यम कुवतीचा वाणिज्यदूत त्याने रंगवला, आणि त्याच्यावर दया दाखवली नाही की सूडही घेतला नाही. हे मौन काहींना सोयीचे वाटले आहे. सोय त्यात असेलही. मात्र 'मी' ला बाजूला ठेवण्याची जी सवय खलिता लावतो, तीच सवय येथे कादंबरीकाराच्या कामी आली आहे, आणि त्यामुळे इतरांना बोलायला जागा मिळाली आहे.

कादंबरीच्या शेवटी, 1814 मध्ये, नेपोलियन पडतो आणि वाणिज्यदूताची कचेरी बंद करायची वेळ येते. दाव्हिलजवळ परतीच्या प्रवासालाही पैसे नाहीत. गावातील ज्यू व्यापारी सालोमोन आतियास आपणहून येतो आणि त्याला कर्ज देतो. त्याला आणखीही काही सांगायचे असते. शतकांपूर्वी स्पेनमधून हाकलले गेलेले आपले लोक, परक्या डोंगरांत राहून मोडकी होत गेलेली आपली भाषा, या साहेबाने आपल्याला सात वर्षे माणसासारखे वागवले त्याचे मोल, आणि बाहेरच्या जगात जाऊन त्याने आपल्याविषयी काय सांगावे, हे सारे. तो चाचरतो, शब्द सापडत नाहीत, घाम पुसतो. मग आंद्रिच ते सारे भाषण स्वतः लिहितो, सालोमोनला बोलता आले असते तर तो जे बोलला असता ते. दाव्हिलच्या कानी त्यातले काहीही पडत नाही. तो पैशांची पावती लिहून देतो.